धर्मगुरूविना दोनशें वर्षें

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांस ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें २५ सोबत्यांसह क्रूसावर मारण्यांत आलें, हें आमच्या लेंकरांसही ठाऊक आहे. रक्तसाक्ष्यांविषयीं आम्ही प्रवचनांतून पुष्कळ बोलतों. परंतु त्या क्रूसांच्या छायेंत जे मागें राहिले, त्यांचें पुढें काय झालें हें सहसा कोणी सांगत नाहीं. ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत आम्ही त्यांचीच हकीकत सांगूं इच्छितों.

१६१४ सालीं जपानच्या सत्ताधीशांनीं ख्रिस्ती धर्म सर्व देशांत निषिद्ध ठरविला. धर्मगुरूंस हद्दपार केलें. जे लपून राहिले ते एकेक करून पकडले गेले, आणि १६४४ सालीं त्यांपैकीं शेवटचे कोनिशी मान्शो हेही मारले गेले. नागासाकी प्रांतांत प्रतिवर्षीं लोकांस प्रभूच्या अथवा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. त्या प्रतिमेस ‘फुमिए’ म्हणत. नाकारणाराच्या वांट्यास छळ व मरण येई. पुष्कळांनीं नाकारलें, त्याहून पुष्कळांनीं पाय ठेवला.

पाय ठेवणारांस आम्हीं काय म्हणावें? सेमिनरींत शिकलेलें उत्तर आम्हांस ठाऊक आहे, व तें खोटेंही नाहीं: श्रद्धा नाकारणें हें घोर पाप होय. तथापि उराकामी गांवचे हे गरीब शेतकरी घरीं परतून काय करीत, तेंही पाहावें. ते गुपचूप पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापनिवेदन ऐकावयास धर्मगुरू नसल्यास पूर्ण पश्चात्ताप कसा करावा, हें सांगणारी एक पुस्तिका १६०३ सालीं तयार झाली होती. तिच्या नकला उतरवून पिढ्यांमागून पिढ्यांनीं ती जपिली. गांवांत एक जण सणांचें पंचांग सांभाळी, एक जण मुलांस स्नानसंस्कार देई. मिस्सा नाहीं, घंटा नाहीं. कान्नोन नामक बौद्ध देवतेच्या मूर्तींत ते मरियामातेस पाहत. क्रूसावर चढणारे गेले. लेंकरांच्या मस्तकावर पाणी घालावयास हे पाय ठेवणारेच उरले होते. (आमच्या येथें रविवारीं पावसाची एक सर मिस्सा चुकवावयास पुरते, हें जातां जातां.)

पुढें नागासाकींत परदेशीयांसाठीं ओउरा येथें चर्च बांधण्यांत आलें व तें त्याच २६ रक्तसाक्ष्यांस अर्पण केलें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामीचीं कांहीं माणसें तेथें आलीं. फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन एका स्त्रीनें हळूच सांगितलें कीं, आमचें व आपलें अंतःकरण एकच आहे. आणि मरियामातेची मूर्ति कोठें आहे म्हणून विचारिलें.

कायदा मात्र अद्याप तोच होता. सुमारें ३,४०० उराकामीकरांस देशोधडीस लाविलें. त्यांपैकीं ६०० हून अधिक तिकडेच मेले. १८७३ सालीं बंदी उठली. परतलेल्यांनीं कालांतरानें गांवच्या पाटलाच्या वाड्याची जागा विकत घेतली. त्यांच्या पूर्वजांस फुमिए तुडवावयास तेथेंच आणीत असत. त्याच जागीं त्यांनीं आपलें मोठें चर्च उभारिलें.

९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब त्या चर्चपासून सुमारें ५०० मीटरांवर फुटला. उराकामीच्या सुमारें १२,००० कॅथोलिकांपैकीं सुमारें ८,५०० मरण पावले. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आल्यामुळें त्या सकाळीं चर्चमध्यें पापनिवेदन चालू होतें. दोन धर्मगुरू, आणि पापनिवेदनासाठीं आलेले भाविक, तेथेंच गतप्राण झाले.