पैनगंगेच्या खोऱ्यातला पाऊस आणि दूरचा समुद्र

२८ सप्टेंबर २०२१ च्या सकाळी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ, दहागावच्या पुलावरून पुराचे पाणी वाहत होते. नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी. त्या लोंढ्यात वाहून गेली. त्यात माणसांचे प्राण गेले. शेजारच्या महागाव तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, मग हा पाऊस चक्रीवादळाचा कसा?" तर आपण काय उत्तर द्यावे?

'गुलाब' हे चक्रीवादळ २६ सप्टेंबरला आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. जमिनीवर त्याचा जोर ओसरला. पण त्याचे कमी दाबाचे क्षेत्र तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असे पाऊस पाडत पश्चिमेकडे सरकले. अरबी समुद्रावर पोहोचताच त्यातूनच 'शाहीन' हे नवे चक्रीवादळ उठले आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळले. जमिनीवर मंदावलेले वादळ समुद्रावर पुन्हा का पेटले? कारण त्याचे इंधन म्हणजे उबदार पाणी. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारणपणे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असले, की भरपूर बाष्प वर जाते. त्याचे ढग होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि वादळाला बळ मिळते.

पण काही वर्षी वादळांचा जोर अधिक आणि काही वर्षी कमी, असे का? या प्रश्नाचा माग दुष्काळापासून सुरू होतो. भारतीय हवामानशास्त्र खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. दोनच वर्षांनी मान्सूनने दगा दिला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना आढळले, की त्या काळात हवेचा दाब भारतातच नव्हे, तर दूरवरच्या प्रदेशांतही नेहमीपेक्षा जास्त होता.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या नोंदींचे सहसंबंध काढले. प्रशांत महासागरावर दाब वाढला, की हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो आणि याच्या उलटही घडते. या झोक्याला त्यांनी १९२४ मध्ये 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. त्यामागचे कारण मात्र त्यांना सापडले नाही. ते १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवले: प्रशांत महासागराचे तापणे आणि निवणे, म्हणजेच एल निनो आणि ला निना, या झोक्याशी जोडलेले आहे.

पुढील अभ्यासांतून दिसले, की ला निनाच्या वर्षांत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बंगालच्या उपसागरात तीव्र चक्रीवादळांना अधिक अनुकूल स्थिती असते. ओडिशाचे १९९९ चे महाचक्रीवादळ अशाच वर्षी आले. त्याच वर्षी हिंदी महासागराचे स्वतःचे आंदोलनही शास्त्रज्ञांनी मांडले. त्या कामात भारतीय शास्त्रज्ञ होते. २०१९ मध्ये या आंदोलनामुळे हिंदी महासागराची पश्चिम बाजू अधिक तापली, आणि अरबी समुद्रात एकाच वर्षात ५ चक्रीवादळे झाली.

म्हणून 'गुलाब' ला निनाने आणले असे म्हणावे का? नाही. महासागराचे चक्र संपूर्ण हंगामाची शक्यता बदलते. एका वादळाची तारीख किंवा वाट ठरवत नाही. ती हवामानाचा अंदाज काही दिवस आधी सांगतो. पुलावर पाणी किती आहे, हे मात्र तिथेच पाहून थांबावे लागते. वर्गात नकाशावर 'गुलाब'ची वाट आखून घेताना मुलांना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.