शंभर योजने अनवाणी

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रोग्याला सांगितलेले एक पथ्य मोठे विलक्षण आहे. रोग बळावला असता व्यायाम, कुस्ती, हत्तीघोड्यांवरून फिरणे इत्यादी उपाय करावेत, असे सांगून ग्रंथकार दरिद्री रोग्याकडे वळतो. ज्याच्यापाशी द्रव्य नाही व ज्याला आप्त नाहीत, त्याने पायात वहाण न घालता, डोक्यावर छत्र न धरता, भिक्षान्न सेवन करीत आणि एका गावी एकच रात्र मुक्काम करीत, मुनीप्रमाणे शंभर योजने चालावे! चालण्याने मधुमेह आटोक्यात येतो हे आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. तेवढ्यापुरता सुश्रुताचा उपदेश चोख म्हटला पाहिजे. परंतु त्यातील ‘वहाण न घालता’ हे शब्द आजचा वैद्य खोडून काढील, आणि ते का खोडावे लागले याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

गंमत अशी की, ज्या ज्ञानाच्या आधारे ते खोडावयाचे, त्याचे बीजही त्याच ग्रंथात आहे. कोणते व्रण कष्टाने भरून येतात हे सांगताना सुश्रुताने सूत्रस्थानात कुष्ठी, विषबाधित, क्षयी आणि मधुमेही यांची नावे एकत्र गोवली आहेत. प्रमेहात उठणाऱ्या पिडकांचे त्याने दहा प्रकार वर्णिले. एक शरावासारखी खोलगट, एक कासवाच्या पाठीसारखी, एक जाळीदार. आपल्या आज्या ज्या काळपुळीचे नाव घेताना आवाज खाली आणीत, तिची ओळख या वर्णनावरून सहज पटावी. व्रणाचे साठ उपक्रम सांगणाऱ्या या शल्यविशारदाने छेदन, धावन, धूपन, जळवा, मध आणि तूप यांचे सर्व विधी दिले आहेत. पण कुष्ठी आणि मधुमेही यांना एका पंक्तीला का बसविले, याचा उलगडा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. (प्राचीन ‘कुष्ठ’ शब्दात अनेक त्वग्रोग येतात, महारोग हा त्यांपैकी एक, हे येथे ध्यानात ठेवावे.)

मध्यंतरी दीर्घकाळ मधुमेह्याच्या हाती पथ्याखेरीज फारसे काही नव्हते. लोकमान्य टिळकांना हा रोग होता. 1908 ते 1914 ही मंडालेच्या तुरुंगातील वर्षे त्यांनी खाण्यापिण्याचे निर्बंध पाळूनच काढली. 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, 1921 मध्ये, टोरांटो येथे बॅंटिंग व बेस्ट यांना इन्सुलिन गवसले, आणि जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड टॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले.

इन्सुलिनने माणसे वाचली, मूर्च्छेने मरणारे उठून कामाला लागले. आणि नेमके याच कारणाने पायाचा प्रश्न उभा राहिला. रोगी जगू लागला, तसा रोगही वर्षानुवर्षे त्याच्या शरीरात मुरू लागला. बॉस्टनचे डॉ. जॉस्लिन यांनी 1934 साली वैद्यबंधूंना इशारा दिला की, मूर्च्छेचे मृत्यू घटत आहेत, परंतु पाय सडून होणारे मृत्यू वाढत आहेत. रोज पाय धुवा, पुसा, निरखा, असा धडा ते रोग्यांना शाळामास्तरासारखा घोकून घेत.

महाराष्ट्राच्या आणखी एका थोर पुरुषास या रोगाने गाठले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. मिलिंद महाविद्यालय ते हेच. त्या काळात बाबासाहेब इन्सुलिन घेत होते आणि मज्जातंतूंच्या विकारामुळे त्यांच्या पायांत असह्य वेदना होत. वेदना हे निदान सूचना तरी देते. खरा धोका असतो तो ती वेदना पुढे मावळते तेव्हा.

हे ज्याने जगाला पटवून दिले तो शल्यवैद्य मधुमेहाचा नव्हता, महारोगाचा होता. पॉल ब्रॅंड यांचा जन्म 1914 साली दक्षिणेतील कोल्ली टेकड्यांत झाला. 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. महारोग्याची बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रॅंड यांनी पाहिले की बोटे झडत नाहीत. ती भाजतात, चिरडतात, आणि रोग्यास त्याची जाणीवच होत नाही. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडीत, तरी रोगी जागा होत नसे. तेव्हा रोग्यांना मांजरे पाळावयास देण्यात आली! तळव्याच्या जखमेवर उपाय निघाला तो असा की, पायास नीट बसणारे प्लास्टर घालावयाचे, म्हणजे शरीराचा भार सर्व तळव्यावर वाटला जाऊन जखमेला विसावा मिळतो. पुढे मऊ सच्छिद्र रबराच्या चपला आल्या. 1966 साली ब्रॅंड अमेरिकेत कार्व्हिल येथे गेले, आणि तेथे हीच विद्या मधुमेह्यांच्या कामी आली. सुश्रुताची पंगत पुन्हा जमली.

आता छत्रपती संभाजीनगर परिसराचाच विचार करावा. वेरुळास घृष्णेश्वराच्या दर्शनाला वहाणा बाहेर ठेवाव्या लागतात. वैशाखात तेथली फरसबंदी तव्यासारखी तापते. नाथषष्ठीस पैठणची वाट अनवाणी चालण्याचा नवस कितीकजण बोलतात. ज्याच्या पायाला चटका कळतो तो चार उड्या मारून सावलीत जातो. ज्याला कळत नाही तो शांतपणे प्रदक्षिणा पुरी करतो, आणि घरी आल्यावर मोज्याला वा अंथरुणाला लागलेल्या पाण्यावरून फोड ध्यानात येतो. मग हळद लागते, शेजाऱ्याने सांगितलेला लेप लागतो. आठ दिवस जातात. तळव्यावरचा जुना घट्टा घरच्याच पात्याने कापणे हा दुसरा आत्मघातकी उद्योग. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर रक्त पुरेसे पोचत नाही, साखर वाढलेली असली तर रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंशी धड झुंजू शकत नाहीत, आणि दुखत नसल्यामुळे रोगी त्याच पायावर चालत राहतो. चिघळणे मग हाडापर्यंत जाते.

शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो, ते 1956 साली सुरू झाले. आज अशा रुग्णालयांत जखमेतील मृत भाग कापून काढणे, साखर ताब्यात आणणे, रक्तप्रवाह तपासणे हे उपचार होतात. भार हलका करण्याचे महत्त्व मात्र रोग्याच्या गळी उतरविणे अद्याप कठीण जाते, कारण न दुखणाऱ्या पायावर महिनाभर न चालणे घरच्या कर्त्या माणसास परवडत नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी डॉक्टर आणि परिचारिका अशा जोड्यांना पायाच्या निगेचे शिक्षण देण्याच्या कार्यास पुढाकार घेऊन हात लावला, तो याच अनुभवातून.

तपासणी तर इतकी साधी की तीस यंत्र म्हणण्यासही संकोच वाटावा. नायलॉनचा एक धागा, दहा ग्रॅमच्या दाबाने वाकणारा. रोग्याने डोळे मिटावयाचे, वैद्याने धागा अंगठ्याला, मग चवड्याला, असा ठिकठिकाणी टेकवावयाचा, आणि रोग्याने लागले की ‘लागले’ म्हणावयाचे.