सायलेन्सर म्हणजे बंदूक? कायद्याची व्याख्या वाचताना

नगरमध्ये ‘सायलेन्सर’ म्हटलं की पहिल्यांदा बुलेट आठवते. फाटफाट आवाज करत जाणारी गाडी, चौकात ती अडवणारे पोलीस. बंदुकीचा सायलेन्सर आपण बहुतेकांनी फक्त सिनेमात बघितलेला. पण दोन्हींचं नातं जवळचं आहे. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन इंजिनिअरने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं, आणि पुढे त्याच्याच कंपनीने इंजिनांचे सायलेन्सरही बनवले. त्याचे वडील मॅक्सिम मशीनगनचे जनक. म्हणजे बापाने आवाज वाढवला आणि पोराने तो कमी केला!

हा विषय आत्ता का? अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलर कर आणि नोंदणी लादली होती. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आणला. नोंदणी मात्र राहिली. अशी बातमी वाचली की संशोधनाची तयारी करणाऱ्याच्या डोक्यात लगेच प्रश्न येतो: “भारतात हे नियम सैल होतील का?” प्रश्न वाईट नाही, पण घाईचा आहे. आधी विचारायचं ते हे: भारतीय कायद्यात सायलेन्सर आहे कुठे?

उत्तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये, म्हणजे व्याख्यांमध्ये सापडतं. बंदुकीचा आवाज किंवा झोत कमी करण्यासाठी बनवलेलं उपसाधन हे तिथे ‘अग्निशस्त्र’ या शब्दातच धरलंय. म्हणजे लोखंडाची ती पोकळ नळी, जिच्यातून स्वतःहून एकही गोळी सुटत नाही, ती कायद्याच्या लेखी बंदूकच. म्हणून आपल्याकडे सायलेन्सरचा वेगळा कर नाही, वेगळं प्रकरण नाही. ‘सैल’ करायचं तर थेट व्याख्येलाच हात घालावा लागेल.

ही व्याख्या आली कुठून, हे बघायला मागे जावं लागतं. १८५७ मध्ये संगमनेर-सिन्नर पट्ट्यात भागोजी नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी उठाव केला. नांदूर शिंगोटेजवळच्या चकमकीत नगरचा पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. भागोजी स्वतः आधी नगरच्या पोलिसात होते. त्याच वर्षी कंपनी सरकारने शस्त्रं बाळगण्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला. तो काही एका चकमकीमुळे झाला नाही, पण दोन्हींच्या मागची भीती एकच होती: रयतेच्या हातात हत्यार. १८७८ मध्ये लिटनच्या काळात हा धागा घट्ट झाला. त्या कायद्याच्या व्याख्येत तलवार, खंजीर, भाला, अगदी धनुष्यबाणसुद्धा होते. युरोपियनांना मात्र नियमांतून सूट. सायलेन्सरचा तेव्हा जन्मच झाला नव्हता, त्यामुळे ‘आवाज’ हा शब्दही त्यात नाही.

साहजिकच शस्त्रबंदी हा अपमानाचा विषय झाला. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल मागितला. १९३१ च्या कराचीच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत आला. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते वल्लभभाई पटेल, आणि ठराव घडवण्यात नेहरूंचा मोठा वाटा होता. अकरा वर्षांनी हेच दोघे नगरच्या किल्ल्यात कैदी होते.

आता खरी मेख. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी जवळजवळ तोच हक्क दुरुस्ती म्हणून मांडला. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ब्रिटिशांच्या राज्यात ही मागणी समजण्यासारखी होती, आता परिस्थिती बदलली. आता भर द्यायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्कावर नव्हे, राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर द्यावा. दुरुस्ती पडली. पटेल तेव्हा देशाचे गृहमंत्री होते. कालपर्यंत कैदी असलेली माणसं आता परवाने देणाऱ्या बाजूला बसली होती.

१९५९ चा कायदा याच तडजोडीतून आला. तो खरोखर सैल आहे: तलवारीसारख्या हत्यारांना आता सरसकट परवाना लागत नाही, फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या भागात लागतो. पण त्याच कायद्यात आवाज दाबणारी नळी अग्निशस्त्र ठरली. शब्दरचना ब्रिटनच्या १९३७ च्या कायद्याशी जवळजवळ जुळते. म्हणजे एका हाताने वसाहतीचं ओझं उतरवलं आणि दुसऱ्या हाताने लंडनची व्याख्या उचलली. ‘कायदा सैल झाला की कडक?’ या प्रश्नाला इथे एका शब्दात उत्तर देताच येत नाही.

मग अमेरिकेतला युक्तिवाद इथे का उभा राहत नाही? तिकडे, तसंच नॉर्वे-फिनलंडमध्ये, शिकाऱ्याचे कान वाचवणं हे मोठं कारण दिलं जातं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौशी शिकारच उरली नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यात आजही आहे. पण अकोले-संगमनेरकडे रात्री राखणीला बसणाऱ्याला विचारा. डुकरं पळवायला, बिबट्याला उसातून लांब ठेवायला तो फटाके फोडतो, डबे वाजवतो. त्याचं हत्यार आवाज हेच आहे! त्याला सायलेन्सर देऊन काय उपयोग?

संशोधनासाठी यातून दोन गोष्टी घ्या. एक, कायद्यावर लिहिताना शिक्षेच्या कलमांआधी व्याख्या वाचा. राजकारण बऱ्याचदा तिथे दडलेलं असतं. दोन, परदेशातला प्रश्न जसाच्या तसा उचलू नका. तो कोणाच्या गरजेतून आला, ती गरज इथे आहे का, हे तपासा.

आणि एक गृहपाठ: १८७८ च्या कायद्याचं कलम ४ आणि १९५९ चं कलम २ शेजारी ठेवा. कोणते शब्द गळले, कोणते आले, याची यादी करा. एका दुपारचं काम आहे, पण त्या यादीतून निदान तीन चांगले संशोधनप्रश्न निघतील. माझा एक तिथूनच निघाला.