लाखेच्या तबकडीतला जॅझ

महाड-पोलादपूरच्या माणसाच्या कानावर जॅझ पहिल्यांदा कुठून पडला असेल? मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या १९३० च्या दशकातल्या अमेरिकी वाद्यवृंदांकडून नक्कीच नाही. ती मैफल गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्यासाठी नव्हतीच. माझ्या मते तो आला हिंदी सिनेमाच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून. ‘अलबेला’ (१९५१) हा याचा ठळक पुरावा. संगीत मराठमोळ्या सी. रामचंद्रांचं, नायक व दिग्दर्शक गिरणी कामगाराच्या घरातले भगवानदादा आणि ट्रम्पेट गोव्याच्या चिक चॉकलेटचं. अमेरिकी ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगला आदर्श मानणारा हा वादक याच सिनेमातल्या एका गाण्यात आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो.

जाणकार म्हणतील, हा खरा जॅझ नव्हे. लिहून दिलेल्या, तीनेक मिनिटांच्या सुरावटीत उत्स्फूर्तता कुठली? आक्षेपात तथ्य आहे. पण तीनेक मिनिटांची मर्यादा आर्मस्ट्राँगच्या १९२० च्या दशकातल्या तबकड्यांनाही होतीच, आणि ट्रम्पेटचा स्वर, तालाचा झोका लिहून आलेला नाही, तो वादकाच्या अंगातला आहे. खरी अडचण वेगळीच: लेबलवर सिनेमा, गायक, संगीतकार छापले जात, वादक क्वचितच. म्हणून परदेशी एलपी जमवणाऱ्यांच्या चर्चेत या तबकड्यांना जागा मिळत नाही, हा मला अन्याय वाटतो. महाड-पोलादपुरात कुणाच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील तर भंगारात देऊ नका. लाख ठिसूळ असते. त्या उभ्या ठेवा आणि लेबलवरचा क्रमांक आधी उतरवून घ्या.