चळत ही रांगेची जुळी बहीण नव्हे

स्टॅक आणि क्यू बहुधा एकाच तासाला शिकवतात. शेवटी आलेला आधी बाहेर ती चळत, आधी आलेला आधी बाहेर ती रांग. बाकी दोन्ही सारख्याच सोप्या, हा समज तिथेच रुजतो. जोडीला दुसरा समज असतो : क्रम लावण्याचा प्रश्न ‘एन लॉग एन’ तुलनांत केव्हाच निकालात निघाला. मला दोन्ही अमान्य आहेत. तुलना मोजल्याने क्रम ओळखण्याची किंमत कळते. ठरलेल्या वाटांनीच वस्तू हलवायच्या असतील, तर क्रम लागेल की नाही हा प्रश्न शिल्लकच राहतो.

रांगा खरोखर सोप्या आहेत. ४, २, ५, १, ३ या क्रमाने आकडे येतात आणि चढत्या क्रमाने बाहेर पडायला हवेत. आलेला आकडा ज्यांच्या शेवटी त्याहून लहान आकडा उभा आहे, अशा रांगांपैकी सर्वांत मोठ्या शेवटाच्या रांगेत जातो. तशी रांग नसेल तर नवी. तीन रांगा लागतात, कारण ४, २, १ ही उतरती साखळी आहे. रांगेतले भांडण दोघांपुरते असते : मोठा पुढे, लहान मागे. ४ चे २ शी आणि २ चे १ शी वाकडे असले, तर ४ चे १ शी असणारच. या शिस्तीमुळेच डोळे झाकून केलेली निवड चुकत नाही.

चळतीत ही शिस्त नाही. २, ३, १ पाहा. २ आत गेला, त्यावर ३ बसला, १ आला आणि सरळ बाहेर पडला. आता २ हवा, तर ३ डोक्यावर! १ आधीच येऊन गेला असता, तर २ आणि ३ यांचे काहीच बिनसले नसते. दोघांचे भांडण तिसऱ्याने लावले. डोनाल्ड क्नूथ यांनी १९६८ मध्ये दाखवले, की एका चळतीला अडवतो तो हाच घाट. चार वस्तूंच्या २४ क्रमांपैकी १४ च एका चळतीने लावता येतात.

चळती शेजारीशेजारी मांडल्या, की प्रश्न मुक्कामांचा, म्हणजे आत जाण्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या काळाचा, होतो : ज्यांचे मुक्काम एकमेकांना छेदतात, ते एका चळतीत नकोत. ईव्हन आणि इताय यांनी १९७१ मध्ये हे वर्तुळातल्या जीवा रंगवण्याशी जोडले. चार रंग पुरतील का, हे ठरवणे एनपी-पूर्ण, म्हणजे बहुपदी वेळेची रीत माहीत नसलेल्या अवघड प्रश्नांपैकी, असल्याचे उंगर यांनी १९८८ मध्ये सिद्ध केले.

‘स्मृतीत कुठेही हात घालता येतो, मग चळती कशाला?’ हा आक्षेप रेल्वेच्या शंटिंग यार्डात टिकत नाही. एका तोंडाच्या साइडिंगमधला आतला डबा बाहेरचे काढल्याशिवाय निघत नाही, आणि साइडिंग मोजक्याच असतात.

‘म्हणजे चळती वाढल्या की अवघडच,’ हेही घाईचे. एकापाठोपाठ जोडलेल्या दोन चळतींचा प्रश्न एनपी-पूर्ण असावा, असा काही जाणकारांचा कयास होता. पिएरो आणि रॉसां यांनी २०१४ मध्ये त्यासाठी बहुपदी वेळेची रीत दिली.