ग्लिसरॉलची बाटली आणि आमची वकिली

स्मरणिका समितीने मला माझ्या वकिलीबद्दल लिहायला सांगितले. भेसळीची औषधे, कीटकनाशके अशा विषारी मालामुळे ज्यांचे नुकसान झाले, त्यांचे दावे मी चालवतो. पण माझ्यापेक्षा या वकिलीचीच हकीकत सांगण्यासारखी आहे.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. आपल्या कर्जत-खालापुरातला पेशंट हाताबाहेर गेला की ‘जे. जे.ला हलवा’ म्हणण्याचे ते दिवस, त्यामुळे इकडेही धास्ती पसरली. मी तेव्हा कर्जत लोकलने ये-जा करणारा कायद्याचा विद्यार्थी होतो. डब्यात दुसरा विषय नसे.

मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून रुग्णांना ग्लिसरॉल पाजत. या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. दिसायला अगदी तसेच, दाट, बिनरंगी आणि चवीला गोडसर. कारखान्यांत त्याचे अनेक उपयोग आहेत. पोटात गेले तर मात्र मूत्रपिंडे निकामी होतात.

हे विष जगाला नवे नव्हते. १९३७ साली अमेरिकेत याच द्रवात बनवलेल्या सल्फानिलामाइडच्या औषधाने शंभरावर माणसे गेली. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचे दाखवण्याची अटच नव्हती. कंपनीवर ठपका आला तो लेबलाचा: नावात ‘एलिक्झिर’ असूनही औषधात अल्कोहोल नव्हते! पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० पासून होता. तरीही १९८६ घडले.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. १९८८ मध्ये त्यांचा अहवाल विधिमंडळासमोर आला आणि तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. त्या चौकशीचे मोल माझ्या मते असे, की ती केवळ पुरवठादारापाशी थांबली नाही. रुग्णालयातली खरेदी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय या सगळ्यांना तिने जाब विचारला. बाटली रुग्णापर्यंत पोचेतो तिच्यावर अनेकांच्या सह्या होतात, आणि प्रत्येक सही म्हणजे एक पहारा असतो, हे मी तिथून शिकलो.

त्याच १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांवर संपूर्ण दायित्व टाकले, तेही त्याच डिसेंबरात. पुढे २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष मालाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणच घातले गेले. उत्पादकाबरोबर विक्रेत्यालाही आता त्यात ओढता येते.

कायदा असा वाढला, तरी दावा उभा राहतो तो कागदावरच. माझ्याकडे एक भातशेतकरी आला होता. फवारणी करताना चक्कर येऊन पडला, आठ दिवस दवाखान्यात राहिला. औषध सुटे घेतलेले, बिल नाही, बाटली ओढ्यात टाकलेली. बॅच नंबरच नाही, तर कोणत्या कंपनीला नोटीस पाठवायची? अलिबागला ग्राहक मंचात त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले गेले आणि दावा फेटाळला गेला. माणूस खरे बोलत होता, याबद्दल मला आजही शंका नाही.

म्हणून गावाकडच्या मित्रांना सांगणे इतकेच: कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा, लाल म्हणजे सर्वांत जहाल. बिल मागून घ्या. काही बिघडले तर बाटली फेकू नका, धुऊही नका, तशीच जपून ठेवा.

दुसरे सांगणे रसायनी, पाताळगंगा, खोपोलीच्या कारखान्यांत नोकरी केलेल्या आणि करणाऱ्या मित्रांना. आपल्या शाळेने या पट्ट्याला कितीतरी केमिस्ट दिले. २०२२ मध्ये गांबियात मुले दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या सिरपांबद्दल इशारा दिला. त्यांत पुन्हा तेच डायइथिलीन ग्लायकॉल सापडले होते. हे विष ओळखण्याची चाचणी प्रयोगशाळेत होते, कोर्टात नाही. वकील पोचतो तो माणूस गेल्यावर. तपासणी अहवालावर सही करणारा त्याच्या कितीतरी आधी तिथे असतो. घाईच्या दिवशी वरून कितीही दबाव आला, तरी चाचणी झाल्याशिवाय ती सही करू नका. तुमच्यामुळे माझ्याकडचा एखादा दावा कमी झाला, तर मला आनंदच होईल.