परका कोण, हे ठरवणार कोण? ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा धडा

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा परदेशी माणसांकडून उपचाराचे पैसे घेते, त्यात गैर काय, असे आपल्यातली शिकलेली मंडळीही विचारतात. कर त्यांचा, मग दवाखाना इतरांना फुकट का? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण या नियमांचा इतिहास पाहिला तर खरा प्रश्न पैशाचा नाही, परका कोण हे ठरवण्याचा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये एनएचएस सुरू झाली. तिचे शिल्पकार आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधल्या खाणकामगाराचे पुत्र, वयाच्या तेराव्या वर्षी स्वतः खाणीत उतरलेले. त्यांच्या ट्रेडेगर गावात कामगार मजुरीतून ठराविक रक्कम देत आणि त्यावर कुटुंबांचे औषधपाणी चाले. तेच तत्त्व बेव्हन यांनी देशाला लावले. उपचार गरज पाहून द्यायचा, खिसा पाहून नाही.

लगेच ओरड झाली की परदेशी पाहुणे फुकट उपचार घेऊन जातात. सरकारवर दबाव आला आणि १९४९ च्या दुरुस्ती कायद्यात, देशात नेहमी न राहणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार आला. तो पुढे ३३ वर्षे वापरलाच गेला नाही. याचे कारण बेव्हन यांनी १९५२ च्या 'इन प्लेस ऑफ फिअर' या पुस्तकात सांगितले आहे. पाहुणा ओळखायचा तर आपण पाहुणे नाही हे प्रत्येक नागरिकाला सिद्ध करावे लागेल, असा त्याचा आशय.

१९८२ मध्ये थॅचर सरकारने तो अधिकार वापरला. ऑक्टोबरपासून परदेशी पाहुण्यांना रुग्णालयातील उपचारांचे शुल्क लागू झाले. अपघात विभागातले उपचार आणि अनेक संसर्गजन्य रोगांवरचे उपचार मोफत राहिले. पुढे फास आवळत गेला. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्यांना 'नेहमीचे रहिवासी' या व्याख्येबाहेर काढले. २०१५ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांना दीडपट दर लागला. ऑक्टोबर २०१७ पासून, तातडीचा नसलेला उपचार हवा असेल तर पैसे आधी भरणे सक्तीचे झाले.

व्हिसावर राहणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये वर्षाला २०० पौंडांचा आरोग्य अधिभार सुरू झाला. फेब्रुवारी २०२४ पासून तो १०३५ पौंड आहे, विद्यार्थ्यांना ७७६. तो व्हिसाच्या अर्जासोबतच आगाऊ भरावा लागतो. महाराष्ट्रातून तिथे शिकायला जाणारी आपली मुलेही तो भरतात. शिवाय तिथे नोकरी करणारा परदेशी माणूस इतरांसारखाच कर भरतो. म्हणजे एकाच सेवेचे पैसे तो दोनदा देतो. मग फुकट खाणारा कोण?

आता बेव्हन यांचा इशारा कसा खरा ठरला ते पाहा. २२ जून १९४८ रोजी, म्हणजे एनएचएस सुरू होण्याच्या दोनच आठवडे आधी, 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक ब्रिटनमध्ये उतरले. नंतर त्या बेटांवरून आलेल्या कित्येक स्त्रिया याच सेवेत परिचारिका झाल्या. तरीही २०१८ मध्ये उघड झाले की १९७३ पासून लंडनमध्ये राहणाऱ्या, जमैकातून आलेल्या एका कर्करोगी माणसाकडे उपचारासाठी ५४,००० पौंड मागण्यात आले. तो परका नव्हता. त्याच्याकडे कागद नव्हते, एवढेच.

कायद्यात शब्द 'रहिवासी' असा असतो. पण रहिवास चेहऱ्यावर दिसत नाही. दिसतो रंग, ऐकू येते नाव आणि बोलण्याची ढब. म्हणून संशय कोणावर जाणार, हे आधीच ठरलेले असते.

आपल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरी तिथले पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह जावे लागले. हक्क 'सर्वांचा' म्हणायचा आणि सर्व कोण हे विचारणारा पहारेकरी दारात बसवायचा, ही युक्ती आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे.

म्हणून 'बाहेरच्यांकडून पैसे घ्या' असे कोणी म्हणाले की आम्ही एकच प्रश्न विचारतो. बाहेरचा कोण हे तुम्ही कशावरून ओळखणार? आणि ती ओळख पटेपर्यंत रुग्णाने कुठे थांबायचे?

जय भीम!